‘बोट नकाशावरून गायब’: एक स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला. उत्तराला पाच दिवस लागले, कारण पहिल्या रात्री जे लिहिलं होतं ते तिरमिरीत लिहिलं होतं. पाठवलं नाही तेच बरं झालं, त्यातलं निम्मं चूक निघालं.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंना बोट लागते, म्हणून त्या गेटवेपाशीच थांबल्या. यजमान, दोन मुलं आणि सासूबाई आमच्या शिडाच्या बोटीने मांडव्याला जाऊन परत येत होते. आमच्या जाहिरातीत लिहिलेलं होतं की बोटीवर एआयएस (बोटीची जागा रेडिओवरून सांगणारं यंत्र) आहे, घरचे मोबाइलवर बोट लाइव्ह पाहू शकतात. ताई पाहत बसल्या. १२:१० ला बोट हलायची थांबली आणि थोड्या वेळाने नकाशावरून गेलीच. मग त्याच जागेवरून एका कंटेनर जहाजाचा बाण सरकत गेला. त्यांनी मला तीन फोन केले, एकही उचलला गेला नाही. १२:५२ ला बोट पुन्हा दिसली. त्यांचं म्हणणं असं की यंत्र नुसतं देखाव्याचं आहे किंवा आम्ही ते मुद्दाम बंद ठेवतो, त्यापेक्षा मोबाइलचं लोकेशन बरं. आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, भर समुद्रात अर्धा तास ‘नुसता तरंगत’ बसला.

आधी फोनचं. मी त्या वेळी दुसऱ्या बोटीवर होतो आणि फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत बंद होता. याला सबब नाही. ज्याची माणसं पाण्यात आहेत त्याला काठावर कोणीतरी उत्तर द्यायला हवं. आता बोट बाहेर असेपर्यंत गेटवेवर आमचा एक माणूस फोन घेऊन बसतो, आणि त्याचा नंबर तिकिटाच्या मेसेजमध्येच येतो.

आता त्या बेचाळीस मिनिटांत काय झालं ते. तांडेलाशी दोनदा बसून बोललो, प्लॉटरमध्ये, म्हणजे बोटीवरच्या नकाशाच्या पडद्यात, उमटलेली वाट पाहिली.

थंडीत आपल्याकडे सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा असतो. त्याच्यावर बोट मांडव्याला छान गेली. अकरा-साडेअकराला तो वारा मान टाकतो आणि समुद्राकडून येणारा दुपारचा वारा अजून उठलेला नसतो. परत येताना बोट नेमकी त्या सांध्यात सापडली. शीड लोंबायला लागलं, वेग एक नॉटवर (तासाला एक सागरी मैल) आला. त्याच वेळी डाव्या हाताला, प्रोंग्जच्या दीपगृहाकडून न्हावाशेव्याला जाणारं कंटेनर जहाज आत येत होतं. मांडव्याहून गेटवेला यायचं तर मोठ्या जहाजांचा खोल मार्ग ओलांडावाच लागतो. तांडेलाने इंजिन लावायच्या आधी पडद्यावर त्या जहाजाच्या त्रिकोणावर टिचकी मारली. आमची बोट होती त्याच दिशेने आणि वेगाने जात राहिली असती तर १८ मिनिटांनी दोघांमधलं अंतर ०.१ सागरी मैल राहिलं असतं, म्हणजे जेमतेम दोनशे मीटर. हे गणित एआयएस करतं. समोरचं जहाज आपलं नाव, जागा, दिशा आणि वेग रेडिओवरून सांगत असतं, आपलं यंत्र ते आपल्या वेगाशी ताडून पाहतं.

तुमच्या यजमानांनी तांडेलाला विचारलं होतं की शिडाच्या बोटीला इंजिनवाल्याने वाट द्यायची ना? उघड्या समुद्रात बरोबर आहे. पण टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नववा नियम आहे. अरुंद मार्गात, ज्या जहाजाला तो मार्ग सोडून चालताच येत नाही, त्याच्या वाटेत शिडाच्या बोटीने किंवा २० मीटरपेक्षा लहान बोटीने यायचं नाही. आमची बोट ३० फुटांची. ते जहाज मार्गाबाहेर वळलं तर चिखलात रुतेल, आणि थांब म्हटलं तर थांबायलाही त्याला मैलभर लागतो. म्हणून तांडेल मार्गाच्या अलीकडे थांबला, जहाज जाऊ दिलं, त्याच्या लाटा विरू दिल्या आणि १२:५० ला इंजिन लावून निघाला. ज्याला तुम्ही तरंगणं म्हणालात ते हे. यात मी त्याच्या बाजूने आहे. घाई करणारा तांडेल मी ठेवणार नाही.

मग नकाशावरून बोट का गेली? इथे माझी बाजू लंगडी पडते.

काही भाग यंत्राच्या स्वभावाचा आहे. मोठ्या जहाजांवर ए वर्गाचं यंत्र असतं, १२.५ वॅटचं. चालत्या जहाजाची जागा ते २ ते १० सेकंदांना सांगतं. आमच्यासारख्या हौशी बोटींवर बी वर्गाचं असतं, आमचं २ वॅटचं आहे. वेग दोन नॉटच्या वर असला की ३० सेकंदांनी एकदा बोलतं, दोन नॉटच्या खाली आला की तीन मिनिटांनी एकदा. शिवाय ते भिडस्त आहे. आधी ऐकतं, जागा रिकामी दिसली तर बोलतं, नाहीतर वाट पाहतं. मुंबई बंदरात बोलणाऱ्यांची गर्दी काही कमी नाही. (तुम्ही लिहिलंय की सुरुवातीला नावाऐवजी ४१९ ने सुरू होणारा आकडाच दिसत होता. तो आमचा एमएमएसआय, म्हणजे बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक, ४१९ म्हणजे भारत. नाव वेगळ्या संदेशात जातं, सहा मिनिटांनी एकदा.)

आणि तुमच्या मोबाइलवरचं ॲप बोटीला थेट पाहत नाही. काठावर कुणीतरी, बऱ्याचदा एखाद्या हौशी माणसाने गच्चीवर, अँटेना लावलेला असतो. त्याला ऐकू आलं तर ते इंटरनेटवर जातं. त्याला ऐकू आलं नाही तर ॲपच्या दृष्टीने बोट नाही.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. तरी मी जाहिरातीत ‘लाइव्ह’ लिहिलं, कारण ते वाचून लोक बुकिंग करतात. ते मी सोमवारी काढून टाकलं.

पण एवढ्याने बेचाळीस मिनिटं गप्प राहणं जुळत नाही, तीन-तीन मिनिटांनी तरी काही ठिपके उमटायला हवे होते. त्या संध्याकाळी तुम्ही गेटवेवर भेटलात तेव्हा मी तोऱ्यात म्हणालो, ‘मॅडम, यंत्रावरचा हिरवा दिवा चालू होता, काहीतरी तुमच्या नेटचं असेल.’ दिवा हिरवा होता हे खरंच. सोमवारी एका मित्राला त्याच्या बोटीच्या पडद्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मी बाहेर निघालो. अर्ध्या मैलावर आम्ही त्याला ठणठणीत दिसत होतो, दोन मैलांवर मधूनमधून, चार मैलांवर नाहीच. डोलकाठीच्या शेंड्यावर अँटेना असताना सहा-सात मैलांवरून दिसायला हवं होतं.

डोलकाठीच्या बुडाशी अँटेनाच्या केबलचा जोड आहे. त्यावरची चिकटपट्टी सोडवली तर आतून खारं पाणी ठिबकलं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं तसा हिरवा थर, आणि केबलमधली तांब्याची जाळी काळी पडून बोटांनी चुरगळत होती. पावसाळ्यात बोट वर काढली होती तेव्हा हा जोड तपासायचा राहिला. नुसतं राहिलं असं नाही, पट्टी नवी दिसतेय म्हणून मी हात लावला नाही.

दिवा मग हिरवा कसा? यंत्र अँटेनाकडून परत येणारी शक्ती मोजतं. फार परत आली तर लाल दिवा लावतं. केबलमध्ये पाणी शिरलं की जाणारी शक्तीही तिथेच मुरते आणि परत येणारीही. यंत्राला वाटतं सगळं आलबेल आहे. तीस वर्षं पाण्यात काढून मला हे चार दिवसांपूर्वी उमगलं.

म्हणजे त्या दुपारी आम्हाला कंटेनर जहाज नीट ऐकू येत होतं, ते साडेबारा वॅटचं आणि अँटेना इमारतीएवढ्या उंचीवर. आमचा आवाज मात्र घशातच अडकत होता. इंजिन लावून वेग वाढला, तीसतीस सेकंदांनी बोलणं सुरू झालं, तेव्हा त्यातलं एखादं काठावर पोचलं आणि १२:५२ ला तुम्हाला बोट दिसली.

मुद्दाम बंद ठेवल्याचा आरोप मात्र मान्य नाही. अशा यंत्रांना गप्प बसवायचा वेगळा स्विच लावता येतो, आम्ही तो जोडलेलाच नाही. लपवायचं असतं तर घेतलंच कशाला असतं? २००८ च्या हल्ल्यानंतर आपल्याकडे २० मीटरच्या वरच्या बोटींना हे बंधनकारक झालं. आमच्या मापाच्या बोटीला सक्ती नाही, खिशातले पैसे घालून बसवलंय.

मोबाइलच्या लोकेशनबद्दल तुमचं बरोबर आहे, अर्धं. घरच्यांना कळावं यासाठी तेच सोपं. आता बोटीत चढण्याआधी आम्हीच प्रत्येकाला लाइव्ह लोकेशन पाठवायला सांगतो. पण त्या कंटेनर जहाजाचा कॅप्टन तुमच्या फॅमिली ग्रुपवर नाही. धुक्यात, काळोखात किंवा उन्हाच्या तिरिपेत ३० फुटांची पांढरी बोट त्याला दिसली नाही तरी पडद्यावर दिसावी, यासाठी हे यंत्र आहे. तिथेही मी पूर्ण भरवसा देत नाही. काही जहाजं पडद्यावरची गर्दी कमी करायला बी वर्गाच्या बोटी झाकून ठेवतात. म्हणून एक खलाशी कायम डोळ्यांनी पहाऱ्यावर असतो आणि व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरवर, म्हणजे सगळ्या बोटी ऐकतात त्या संकटाच्या चॅनेलवर, चालू असतो.

तुम्ही डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाच्या बोटीने धडक दिलेल्या नीलकमल बोटीचा उल्लेख केलात. ती आठवण असताना नकाशावर बोट दिसेनाशी होणं म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नाही, इथल्या प्रत्येक बोटवाल्याच्या घरी ती आहे. तो अपघात मात्र एआयएसने टळला नसता. इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटल्याचं नौदलाने सांगितलं होतं. २० नॉटने येणारी बोट ३० सेकंदांत तीनशे मीटर कापते, तिथे हे यंत्र तोकडं पडतं. तिथे कामाला येतं ते अंगावरचं लाइफ जॅकेट. आमच्याकडे ते धक्क्यापासून धक्क्यापर्यंत काढता येत नाही. मुलांनी उकडतं म्हणून तक्रार केल्याचं तुम्ही लिहिलंय, ती तक्रार पुढेही राहणार.

पैशांचं. सफर झाली, बोट मांडव्याला जाऊन आली, त्यामुळे सगळे पैसे परत करणार नाही. पण जे सांगून विकलं ते दिलं नाही, म्हणून चारांपैकी एका तिकिटाचे पैसे काल तुमच्या खात्यात टाकलेत. कमी वाटत असतील तर तेही इथेच लिहा, खोडणार नाही.

केबल शेंड्यापासून यंत्रापर्यंत नवी टाकली आहे. आता दर महिन्याला मित्राच्या बोटीवरून आमचा आवाज चार मैलांवर तपासणार आणि तारीख वहीत लिहिणार. आणि हो, त्या बेचाळीस मिनिटांत तुमच्या सासूबाई तांडेलाशेजारी बसून, चष्मा कपाळावर चढवून, पडद्यावरच्या जहाजांची नावं एकेक करून वाचत होत्या. एकाचं नाव गावच्या देवीचं निघालं म्हणून त्यांनी हातही जोडले. तांडेलाने विचारलंय, त्या पुन्हा येणार आहेत का. कापलेल्या केबलचा तो काळा तुकडा ऑफिसातल्या खणात ठेवलाय, आलात तर दाखवतो.