ट्राय यूट्यूबला परवाना देत नाही, मागतही नाही

माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात जात्यावरच्या ओव्यांचे बत्तीस व्हिडिओ यूट्यूबवरून काढून टाकले. कारण वॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज: ‘ट्रायने नवा प्रसारण कायदा केला. यूट्यूब चॅनेलला परवाना लागणार, नाहीतर दंड. सगळे कॉल रेकॉर्ड होणार. लाल टिक दिसली की पोलीस घरी. टीव्हीचं बिलही मनाला येईल तसं.’ भावकीच्या ग्रुपवर तिघांनी तो टाकला. एकालाही वाटलं नाही की आधी जरा बघावं.

पहिलंच वाक्य खोटं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. कायदा संसद करते, ट्राय नाही. १९९७ च्या ट्राय कायद्याचं कलम ११ काढून वाचा. धोरण आणि परवान्याच्या अटींवर शिफारशी करणं हे ट्रायचं एक काम. दर आणि सेवेचा दर्जा यांवर नियम घालणं हे दुसरं. आणि शिफारशी केंद्र सरकारवर बंधनकारक नाहीत, हे त्याच कलमात लिहिलंय. २० जून २०२४ ला राष्ट्रीय प्रसारण धोरणाबद्दल ट्रायने जे दिलं, त्याही शिफारशीच. मावशीने कुठली ओवी म्हणावी यात ट्रायचा काही संबंध नाही.

मग परवान्याचं आलं कुठून? इथे थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. १० नोव्हेंबर २०२३ ला प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आला. तो ट्रायचा नव्हे, माहिती व प्रसारण मंत्रालयाचा. त्यात ओटीटीही होतं, म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या सेवा. जुलै २०२४ मध्ये सुधारित प्रत मोजक्याच लोकांना दिली गेली, आणि यूट्यूबवर बातम्या-चर्चा करणारेही त्यात अडकतील म्हणून ओरड झाली. ती रास्तच होती. असली कामं बंद दाराआड होता कामा नयेत. पण ऑगस्टमध्ये त्या प्रती परत मागवल्या गेल्या आणि हरकतींची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढली. मसुद्याला घाबरून आजीच्या आवाजातली ‘पहिली माझी ओवी’ पुसून टाकायची? आजी आता नाही. ती ओवी पुन्हा कुणाकडून म्हणवून घेणार?

लाल टिक असा प्रकारच नाही. एक टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोचला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला. लाल टिकचा दावा केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही केव्हाच खोटा ठरवलाय.

टीव्हीच्या बिलाचं मात्र निम्मं खरं. २०० चॅनेलांपर्यंत नेटवर्क शुल्काला, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोचवण्याच्या महिन्याच्या आकाराला, १३० रुपयांची मर्यादा होती, ती ट्रायने ८ जुलै २०२४ च्या आदेशाने काढली. हे मलाही पटलेलं नाही. तरी केबलवाल्याला आपले दर जाहीर करावेच लागतात. ते मागून घ्या.

मावशीच्या जुन्या मेमरी कार्डावर अकरा व्हिडिओ सापडले. ते परवा रात्री बसून आम्ही परत चढवले. आजीचा त्यात नाही.