‘सिली मिस्टेक’ म्हणून सोडून देण्याआधी

गणिताचे तपासलेले पेपर हातात पडले की एक सल्ला हमखास फिरतो: ‘चुका म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा. चुकलेलं गणित बरोबर उत्तरासकट पाच वेळा लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तोच पेपर पुन्हा सोडवायला लावा.’ यातलं पुन्हा सोडवणं तेवढं पटतं, तेही अर्धंच.

‘निव्वळ निष्काळजीपणा.’ ५२ − ३८ = २६, ७१ − ४५ = ३४, ६० − २७ = ४७. ही घाई नव्हे. मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, हातचा घेतच नाही. त्याला ८३ − ५६ दिलं तर ते ३३ लिहील, हे आधीच सांगता येतं. ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा नेमाने होणाऱ्या चुकांवरच काम मांडलं. घाईच्या चुकाही होतात, नाही असं नाही. शंका आली तर त्याच प्रकारची तीन गणितं द्या. तिन्हींत तीच चूक दिसली तर नियमच चुकीचा बसलाय. एखाद्यातच दिसली तर आकडेमोडीत घसरलंय.

‘पाच वेळा लिहा.’ क्ष² = ५क्ष हे समीकरण घ्या. विद्यार्थी दोन्ही बाजूंना क्ष ने भागतो, क्ष = ५ लिहितो आणि ० हे मूळ गमावतो. ‘क्ष = ० किंवा ५’ असं पाच वेळा उतरवलं तरी भागायचं का नाही ते कळत नाही. पुढच्या पेपरात क्ष² = ७क्ष आलं की उत्तर पुन्हा एकटं ७. त्यापेक्षा उत्तर न सांगता फक्त चुकलेल्या ओळीखाली रेघ मारा. ती ओळ त्याने वहीत जशीच्या तशी लिहावी आणि शेजारी कारण. ‘भागताना चुकलं’ हे कारण चालवून घेऊ नका. ‘क्ष शून्य असू शकतो हे न बघता भागलं’ हे कारण झालं. मग क्ष = ० ठेवून पडताळा, आणि वही मिटून ३क्ष² = १२क्ष. सगळ्याच चुकांना हे करायला वेळ पुरणार नाही. सर्वांत जास्त गुण ज्यांनी खाल्ले त्या दोन-तीन पुरे.

‘दुसऱ्या दिवशी तोच पेपर.’ दुसऱ्या दिवशी उत्तरं पाठच असतात. आठवड्याने घ्या, आकडे बदला आणि दुसऱ्या प्रकरणांची गणितं मध्ये मिसळा. एकाच प्रकरणाची गणितं ओळीने आली तर कोणती रीत वापरायची हे आयतंच कळतं, आणि परीक्षेत नेमकं तेच ओळखायचं असतं.

एक गोष्ट या सल्ल्यात नाहीच: गुण कधी सांगायचे? रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा तो फायदा दिसला नाही. म्हणून रेघा मारलेला पेपर आधी द्या, आकडा दुरुस्ती झाल्यावर.