ऑरगॅनिक म्हणजे मेथीची जुडी नव्हे

गेल्या रविवारी सांगलीला घरी होतो. सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला, तर मेथीच्या जुडीशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बाबांचा फोन! बाहेर काढला तशी मिनिटभरात काच धुरकट झाली. चार्जरला लावला तर सूचना आली की पोर्टमध्ये ओलावा आहे, चार्जिंग थांबवलंय. बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, ऑरगॅनिक स्क्रीन आहे ती. बाहेर ठेवली की कुजते. तूच दिलास ना एवढा महागाचा फोन?" आणि त्यांनी ग्रुपवर आलेला मेसेज दाखवला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ओएलईडी पडदा (ज्यातले ऑरगॅनिक रेणू वीज दिली की स्वतःच उजळतात तो) जैविक पदार्थांचा, म्हणून दोन वर्षांत कुजतो, रात्री थंड जागी ठेवावा, त्यात 75 टक्के वीज वाया जाते, निळा रंग कंपन्या मुद्दाम कमजोर ठेवतात, 1987 पासून या तंत्रात काडीची सुधारणा नाही. खाली "शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे" आणि जोडलेले हात.

आधी कुजण्याचं बघू, कारण फोन त्यापायी भिजला. रसायनशास्त्रात ऑरगॅनिक म्हणजे कार्बनची संयुगं. सेंद्रिय गुळाशी त्याचा काही संबंध नाही. पेट्रोल ऑरगॅनिक, न्हाणीघरातली प्लॅस्टिकची बादलीही ऑरगॅनिक. आईच्या कपाटातल्या डांबरगोळ्या पाहा. त्या नॅप्थलीनच्या, म्हणजे कार्बनच्या दोन जोडलेल्या कड्या. विरतात, पण कुजलेली डांबरगोळी कुणी पाहिली आहे का? तिसरी कडी जोडली की होतं अँथ्रासीन. 1963 साली न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकाला सुमारे 400 व्होल्ट देऊन त्यातून उजेड काढला होता. ओएलईडीचे पूर्वज असे डांबरगोळीच्या भावकीतले.

या पडद्याचं खरं वैर पाण्याशी आणि ऑक्सिजनशी. ते आत शिरले की धातूचा कॅथोड, म्हणजे विजेचं ऋण टोक, खराब होतो आणि काळे ठिपके पडतात. म्हणून पडदा असा सीलबंद करतात की एक चौरस मीटरमधून दिवसाला ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून जास्त वाफ आत जाऊ नये. एवढा बंदोबस्त कारखान्यात करायचा आणि आपण फोन फ्रिजमधून काढून दमट हवेत धरायचा! पडदा बहुधा वाचेलही, पण स्पीकर, माइक आणि चार्जिंगच्या भोकाला तेवढं संरक्षण नसतं. उष्णतेनं पडद्याचं आयुष्य घटतं, हे मात्र मान्य. त्यासाठी फोन गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात टाकू नका, बस.

75 टक्क्यांचा आकडा कुठून आला ते मला माहीत आहे, आणि तो अर्धा खरा आहे. पडद्यात विद्युतभारांच्या जोड्या जुळतात तेव्हा त्या दोन प्रकारच्या होतात: साधारण चारातली एक सिंगलेट, तीन ट्रिपलेट. साध्या फ्लुरोसंट रेणूंत उजेड मुख्यतः सिंगलेटचा, बाकीच्यांची बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. पण 1998 साली बाल्डो, फॉरेस्ट, थॉम्पसन आणि सहकाऱ्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. त्यांनी रेणूत प्लॅटिनमचा जड अणू बसवला, आणि वाया जाणारे ट्रिपलेटही लाल उजेड देऊ लागले. पुढे इरिडियम आलं, आणि लाल-हिरव्यात हीच युक्ती रुळली. 2012 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात अदाची यांच्या गटानं जड धातूशिवायही ट्रिपलेट परत वळवून दाखवले. 1998च्या त्याच निबंधात आणखी एक गंमत आहे: आतली कार्यक्षमता 23 टक्के, बाहेर पडणारा उजेड फक्त 4 टक्के. म्हणजे बराचसा उजेड थरांत आणि काचेतच अडकतो. ओरडायचंच होतं तर यावर ओरडायचं होतं.

राहिला निळा. तो लवकर थकतो हे मला नाइलाजानं कबूल करावंच लागेल, पण त्यात कट कसला? लाल फोटॉनची, म्हणजे उजेडाच्या एका कणाची, ऊर्जा साधारण 2 इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे अशा सूक्ष्म ऊर्जेचं माप), निळ्याची 2.7. रेणूतला कार्बन-नायट्रोजन बंध तीनच्या आसपास तुटतो. दोन उत्तेजित निळे रेणू एकमेकांवर आदळले की ऊर्जा पाचाच्या वर, आणि बंध गेला. ट्रिपलेट तर मायक्रोसेकंदभर रेंगाळतात, त्यामुळे टकरी जास्त. म्हणून लाल-हिरव्यात ट्रिपलेटवाले रेणू वापरूनही निळ्यात कंपन्या वर्षानुवर्षं जुने, कमी कार्यक्षम फ्लुरोसंट रेणूच ठेवत आल्या: वीज जास्त खाल्ली तरी चालेल, टिकला पाहिजे. मुद्दाम कमजोर ठेवायचा असता तर उलटं केलं असतं. अनेक फोनमध्ये निळा ठिपका सगळ्यात मोठा असतो, कारण तेवढाच उजेड मोठ्या जागेतून काढला की प्रत्येक रेणूवरचा ताण कमी. एलजी डिस्प्लेनं तर 2021 मध्ये रेणूंत हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, घातल्याचं जाहीर केलं. जड अणूचा बंध सावकाश तुटतो.

1987चं एका वाक्यात: कोडॅकमध्ये टँग आणि व्हॅनस्लाइक यांनी केलेला तो दिवा 100 इलेक्ट्रॉनमागे जेमतेम एक फोटॉन बाहेर टाकायचा, अदाचींच्या दिव्यात तो आकडा 19 होता. याला काडीची सुधारणा म्हणायचं असेल तर म्हणा.

बाबांना जे सांगायला हवं होतं ते मेसेजमध्ये नाहीच. त्यांच्या ओएलईडी टीव्हीवर दिवसभर बातम्या चालतात, तीच लाल पट्टी, तोच लोगो. त्या जागचे ठिपके जास्त झिजतात आणि पट्टीची सावली उमटून राहू शकते. ब्राइटनेस निम्मा केला तर आयुष्य दुपटीहून जास्त वाढतं, कधी चौपटही. मी तो कमी करून आलो. बाबांची तक्रार आहे की आता अँकरचा चेहरा काळवंडलेला दिसतो.