माझ्या प्रदेशात उपलब्ध नाही म्हणे

आज सकाळी सहाला चहा टाकला, फोन ओट्यावर ठेवला आणि रोजचा अभंग लावायला गेलो, तर तो करडा पडलेला. दाबून बघितलं तर खाली पट्टी आली, हे गाणं तुमच्या प्रदेशात सध्या उपलब्ध नाही. माझा प्रदेश म्हणजे डोंबिवली पूर्व. देहू इथून गाडीनं तीन तासांवर. ज्यानं हा अभंग लिहिला त्याच्या वह्या इंद्रायणीनंसुद्धा तेरा दिवसांनी परत केल्या होत्या, या ॲपवाल्यांचा काही भरवसा नाही. आणि वर्षाचे पैसे आगाऊ घेतात हो माझ्याकडून!

लेक म्हणाली, "बाबा, दुसरं लाव ना." का लावू दुसरं?

तिरीमिरीत उठलो आणि कपाटातला तो डबा काढला, ज्यात जुने चार्जर, बंद घड्याळं आणि बायकोच्या मते "भंगार" असतं. त्यात माझा आयरिव्हर सापडला, जुना एमपीथ्री प्लेयर. कोरियन, त्रिकोणी, अंगठ्याएवढा जाड. रिमोटमधला पेन्सिल सेल काढून त्यात घातला आणि बटण दाबून धरलं. लागला की राव! वीस वर्षांनी! ५१२ एमबी, म्हणजे जेमतेम सव्वाशे गाणी. सगळी जागच्या जागी. एकही करडं नाही.

आणि सगळ्यात शेवटी माझं ते रेकॉर्डिंग.

२००५ साली मी सकाळची फास्ट लोकल पकडायचो. आमच्या डब्यात बदलापूरहून चढणारं भजनी मंडळ असायचं, टाळ पिशवीत, ठेका डब्याच्या पत्र्यावर. हा प्लेयर मी मनीष मार्केटातून निम्मा पगार घालून आणला होता आणि घरी आठवडाभर किंमत खोटी सांगितली होती. त्यात एफएम होता, माइक होता, दुसऱ्या यंत्रातून वायर जोडून थेट रेकॉर्ड करायची सोय होती. एक दिवस गंमत म्हणून मी बुवांच्या समोर माइक धरला. दिवा गेलं, गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, आणि गजर असा काही घुमला की दारातली पोरंसुद्धा गप्प झाली. मिनिटभराचा बोगदा, पण ते मिनिट माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी बुवांच्या कानात इअरफोनचं एक बोंडूक घालून ऐकवलं. मला वाटलं खूश होतील. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात मी घाई करतोय." बस. त्या दिवसापासून दुसरं कडवं सावकाश.

आता मुद्द्यावर येतो. शेजारच्या सीटवर आमचा सुहास बसायचा, अमेरिकेतल्या चुलतभावानं दिलेला आयपॉड घेऊन. पांढऱ्या वायरी सगळ्या डब्याला दिसतील अशा सोडलेल्या. हजारो गाणी मावायची. पण रेडिओ नाही, माइक नाही, सेल उतरला तर प्लॅटफॉर्मवरून पाच रुपयांचा घेऊन टाकायची सोय नाही. आयपॉडमध्ये एफएम आला २००९ मध्ये! गाणी विकायचं ॲपलचं ऑनलाइन दुकान भारतात उघडलं २०१२ च्या डिसेंबरात. तरी जिंकला कोण? सुहासचा आयपॉड.

लोक म्हणतात, चांगली वस्तू जिंकली. अर्धं खरं. आयपॉडचं ते चाक फिरवून गाणं शोधण्यात मजा होती, मान्य. मीही दिवा ते ठाणे ते फिरवत बसायचो. पण हा खेळ ॲपलनं सुरू केला नव्हता. १९९८ मध्ये कोरियातल्या साएहाननं एमपीमॅन काढला, ३२ एमबीचा, आठ-दहा गाण्यांचा. त्याच वर्षी अमेरिकेत डायमंडचा रिओ आला आणि रेकॉर्ड कंपन्यांची संघटना लगेच कोर्टात गेली, हे विकूच देऊ नका म्हणून. १९९९ मध्ये कोर्टानं त्यांना परत पाठवलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. सिंगापूरच्या क्रिएटिव्हनं २००० मध्येच हार्डडिस्कवाला नोमॅड ज्यूकबॉक्स काढला होता, दिसायला सीडी प्लेयरएवढा ढब्बू. आयपॉड त्यानंतरचा, ऑक्टोबर २००१ चा, ३९९ डॉलरचा, आणि तोही सुरुवातीला फक्त मॅकवाल्यांसाठी. प्लेयरच्या मेनूतून गाणी शोधत जायच्या पद्धतीचं पेटंट क्रिएटिव्हकडे निघालं, आणि २००६ मध्ये ॲपलनं त्यांना दहा कोटी डॉलर मोजून भांडण मिटवलं. आता बोला.

सोनीचं तर मला अजून वाईट वाटतं. १९७९ मध्ये ज्यांनी जगाला वॉकमन दिला, आपल्या दादा-ताईंनी ज्याच्यासाठी जीव टाकला, ती कंपनी एमपीथ्रीला अस्पृश्यासारखी वागवत बसली. कारण घरातच गाणी विकणारी कंपनी. एक हात प्लेयर विकतोय, दुसरा म्हणतोय गाणं सुटता कामा नये. मग आणलेलं प्रत्येक गाणं त्यांच्या त्या ॲट्रॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये बदला, त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून, आणि मग ऐका. सरळ एमपीथ्री वाजवायला लागले २००४ संपता संपता. तोवर गाडी प्लॅटफॉर्म सोडून गेली होती.

आणि मायक्रोसॉफ्ट! लिहिता लिहिता पुन्हा संताप यायला लागलाय. आधी २००४ मध्ये बाकीच्या कंपन्यांना गोळा करून सांगितलं, गाण्यांना आमचं कॉपी रोखणारं कुलूप लावा, गाणी सगळीकडे चालतील. त्या योजनेचं नावच "प्लेज फॉर शुअर". दोन वर्षांनी स्वतःचा झून नावाचा प्लेयर काढला आणि त्यावर तीच गाणी चालेनात! ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना सोडून दिलं वाऱ्यावर. झूनमध्ये एक गोष्ट मात्र होती जी तेव्हा आयपॉडमध्ये नव्हती, वायरशिवाय शेजारच्याला गाणं द्यायची सोय. पण दिलेलं गाणं तीन दिवस किंवा तीन वेळा वाजणार, मग खलास. गाणं कुणाचंही असो. म्हणजे बुवांचं भजन, बुवांनी गायलेलं, मी रेकॉर्ड केलेलं, मी सुहासला झूनवरून दिलं असतं तर तीन दिवसांत त्याच्याकडे बंद पडलं असतं. बदलापूरच्या भजनाला मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडचं कुलूप. (३१ डिसेंबर २००८ ला जगभरातले ३० जीबीचे झून एकदम गोठले, कारण लीप वर्षाचा ३६६ वा दिवस त्यांच्या घड्याळाला मोजता आला नाही. मी त्या दिवशी फार हसलो होतो. दुष्टपणा होता, माहीत आहे.)

ॲपलचंही कुलूप होतंच. त्यांच्याकडून घेतलेलं गाणं दुसऱ्या कंपनीच्या प्लेयरवर चालायचं नाही. २००४ मध्ये रिअलनेटवर्क्सनं आपली गाणी आयपॉडवर वाजतील अशी युक्ती काढली तर ॲपलनं त्यांची तुलना हॅकरशी केली. हां, २००७ मध्ये जॉब्सनी खुलं पत्र लिहून रेकॉर्ड कंपन्यांना कुलुपं काढायला सांगितलं आणि २००९ पासून त्यांच्या दुकानातली गाणी मोकळी झाली. तेवढं श्रेय देतो, फार नाही. आणि माझ्या कोरियन बाळालाही स्वतःचं सॉफ्टवेअर लागायचंच, बोगद्याची फाइल एमपीथ्री करून घेताना मी एक रविवार घालवलाय.

तरी मला ते दिवस हवेत. का सांगतो. तेव्हा दहा कंपन्या माझ्या खिशासाठी भांडत होत्या. एक म्हणायची मी जास्त गाणी देते, दुसरी रेडिओ, तिसरी माइक, चौथी म्हणायची माझा सेल जास्त टिकतो. भांडण त्यांचं, फायदा माझा. आता भांडतात ते माझ्या महिन्याच्या हप्त्यासाठी, आणि त्या भांडणात गाणं माझं नसतंच, ते फक्त माझ्याकडे पाहुणं येतं. पाहुणाही जाताना सांगून जातो हो.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच की तुझी ती सव्वाशे गाणी तरी विकत घेतलेली होती का. नव्हती. बरीचशी पन्नास रुपयांत दीडशे गाणीवाल्या सीडीवरची होती. गप्प बसतो. आणि लेक आज जे काही ऐकते, कुठल्या कुठल्या देशांतलं, ते मला तिच्या वयात स्वप्नातही मिळालं नसतं. हेही खरं.

पण तो अभंग कुठे गेला, ते सांगा.

दुपारी सुहासला फोन केला. आता ठाण्यात असतो, घरूनच काम. आयपॉड कुठेय विचारलं तर म्हणाला, बॅटरी फुगली, भंगारात दिला. मे २०२२ मध्ये ॲपलनं शेवटचा आयपॉडही बंद केल्याचं त्याला माहीतच नव्हतं. त्यांच्याच फोननं त्यांचाच आयपॉड गिळला. मग तोच म्हणाला, "अरे, आता फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात नाहीत, माहितीये ना?" माहीत होतं. २०२२ च्या फेब्रुवारीपासून लोकल मुंब्र्यावरून वळवल्या, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना राहिला. पण माहीत असणं वेगळं. मी फोन ठेवून जरा वेळ तसाच बसलो.

म्हणजे रोजच्या लोकलमधला गजर त्या बोगद्यात आता घुमत नाही. माझ्याकडे आहे तेवढाच. एका पेन्सिल सेलवर.

संध्याकाळी लेकीला ऐकवलं. दोघांत एक इअरफोन, डावा माझ्या कानात, उजवा तिच्या. टाळ सुरू झाले, मागे कुणीतरी "आत चला, आत चला" ओरडतंय. ती मोबाइल बघत ऐकत होती. मग एकदम मान वर करून म्हणाली, "बाबा, इथे आवाज का वाढला? तू वाढवलास?"

मी हातच लावला नव्हता.

एवढ्यात उजवी बाजू खरखरायला लागली आणि बंद पडली. तर मंडळी, कुणाच्या डब्यात जुना, ३.५ च्या गोल पिनचा चालू इअरफोन पडलाय का? कल्याण ते ठाणे कुठेही येऊन घेऊन जाईन. चहा माझ्याकडून.