मेकाँगचे अग्निगोळे : नागही नाही, मिथेनही नाही

कोजागरी जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. थायलंडमधल्या मेकाँग नदीतून दर शरद पौर्णिमेला लालसर गोळे वर येतात, ते पाण्याखालचा नागराज सोडतो, असा एक नाग १९७३ साली अमेरिकी सैनिकांनी लाओसमध्ये पकडलाही होता. ज्यांना नाग पटत नाही त्यांच्यासाठी शेवटी एक ओळ असते : विज्ञान म्हणतं, हा मिथेन वायू. सोबत त्या पकडलेल्या नागाचा म्हणून एक फोटो.

फोटो आधी निकालात काढू. तो १९९६चा, कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोचा. अमेरिकी नौदलाच्या जवानांनी हातांवर तोललेला तो सुमारे सात मीटर लांबीचा प्राणी म्हणजे ओअरफिश, खोल समुद्रातला मासा. लाओसला तर समुद्रच नाही.

गोळे दिसतात, हे मात्र खरं. नोंगखाई प्रांतात, विशेषतः फोन फिसाई भागात, वर्षावास (बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा एका जागचा मुक्काम) संपतो त्या रात्री हजारो माणसं नदीकाठी बसलेली असतात. समोरचा काठ लाओसचा. अंधारातून एखादा तांबूस ठिपका सरळ वर चढतो आणि विझतो. ना धूर, ना आवाज. बुद्धांनी तावतिंस स्वर्गात आईला धम्म सांगत तीन महिन्यांचा वर्षावास केला, ते परतले तेव्हा नागराजानं हे गोळे सोडून त्यांचं स्वागत केलं, अशी तिथली कथा. आषाढ ते आश्विन पौर्णिमा वर्षावास पाळणाऱ्या आपल्याकडच्या बौद्ध घरांना ती परकी वाटायची नाही. कथेशी माझं भांडण नाहीच. भांडण आहे ते तिला पुरावा म्हणून पुढे करण्याशी.

आता ‘दर शरद पौर्णिमेला’. २०२० साली आपल्याकडे अधिक आश्विन आला आणि कोजागरी ३० ऑक्टोबरला गेली. थायलंडनं त्या वर्षी अधिक महिना धरलाच नाही, तो पुढच्या वर्षी धरला. त्यांचा वर्षावास २ ऑक्टोबरलाच संपला. म्हणजे एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या पौर्णिमा. गोळ्यांचा सोहळा चालतो तो थाई पंचांगावर. अधिक मास कधी धरायचा हे माणसं ठरवतात. नदीच्या तळातला वायू त्यांचा निर्णय कसा पाळणार?

मिथेनची कल्पना उचलून धरली ती नोंगखाईचेच एक डॉक्टर, मानस कनोकसिन यांनी. तळाशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून वायू तयार होतो, बुडबुडे वर येतात आणि पेटतात, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला शास्त्रीय वाटतं म्हणून सुशिक्षित माणूस इथेच थांबतो. पण मिथेन आपोआप पेटत नाही. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असावं लागतं, शिवाय ठिणगी हवी किंवा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान. हवेत आपसूक पेट घेणारे फॉस्फरसचे वायू आहेत, पण ते जळताना पांढरा धूर सोडतात आणि इथे तर धूर नसल्याचंच कौतुक. त्यातून बुडबुडा पेटलाच, तर जागच्या जागी भपकन जाळ होऊन संपेल. चेंडूसारखा घट्ट राहून उंच आकाशात चढणार नाही. आणि पावसाळ्यानंतरची भरून वाहणारी मेकाँग म्हणजे काही साचलेलं डबकं नव्हे.

मग उरतं काय? २००२ साली थायलंडच्या आयटीव्ही वाहिनीनं पलीकडच्या काठावर जाऊन चित्रण केलं. लाओसचे सैनिक आकाशात ट्रेसर गोळ्या झाडताना त्यात दिसले. या गोळीच्या बुडाशी जळणारं मिश्रण असतं, त्यामुळे तिची वाट लाल रेघेसारखी उजळते. नोंगखाईत यावर संतापाची लाट उसळली. ते समजण्यासारखं आहे. श्रद्धा तर आहेच, पण त्या एका रात्रीवर तिथल्या हॉटेलांचा आणि खानावळींचा मोठा धंदाही चालतो.

‘मग बार ऐकू का येत नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. चुलालोंगकोर्न विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ जेसदा देनदुआंगबोरिपंत बरीच वर्षं त्याचं उत्तर देत आले आहेत. आवाजाला एक किलोमीटर कापायला जवळपास तीन सेकंद लागतात. तोवर प्रकाश पाहून इकडच्या काठावर हजारोंचा जल्लोष सुरू झालेला असतो. त्यात लांबचा बार कुणाला ऐकू येणार?

‘पण आम्ही तो पाण्यातूनच वर येताना पाहिला!’ काळोखात पाण्याच्या पातळीजवळ बसलेल्या डोळ्याला तीनशे मीटर आणि हजार मीटर यांतला फरक कळत नाही. समोरच्या काठामागून उडालेलं काहीही पाण्यातून निघाल्यासारखंच दिसणार.

नागाची किंवा वायूची बाजू ज्यांना घ्यायची आहे त्यांनी त्या रात्री दोन्ही काठांवर कॅमेरे लावावेत, घड्याळं जुळवावीत, आणि दोन्हीकडून पाहिलं तर नदीच्या मधोमधच उगम असलेला एक गोळा दाखवावा.