‘भाषा नको, आकडे नकोत’: आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विद्यार्थ्यांना मिळणारा उलटा सल्ला

प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मथितार्थ तोच: ‘आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी घेताय? सगळे पेपर आयआरचेच (आंतरराष्ट्रीय संबंधांचेच) घ्या, आयएफएसला (भारतीय परराष्ट्र सेवेला) तीच पदवी लागते. परकीय भाषेवर क्रेडिट वाया घालवू नका, ती ॲपवर येते आणि आता भाषांतर मशीनच करतं. अर्थशास्त्र, सांख्यिकी टाळा, सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची सरासरी श्रेणी) पडतो. सीनियरना विचारून पेपर निवडा. पेपरचं नाव भारदस्त असू द्या, बाहेरची विद्यापीठं तेच बघतात.’ सीनियरना विचारण्यापुरतं ठीक. बाकीचं पटत नाही.

आयएफएसचं आधी उरकून टाकू. परराष्ट्र सेवेची भरती यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून होते आणि तिला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठल्याही विषयातली पदवी चालते. एस. जयशंकर यांची पहिली पदवी रसायनशास्त्राची. आंतरराष्ट्रीय संबंध त्यांनी पुढे जेएनयूत केले. 2018 ते 2020 परराष्ट्र सचिव असलेले विजय गोखले इतिहासाचे एम.ए. लेखी मुख्य परीक्षेच्या 1750 गुणांपैकी वैकल्पिक विषयाचे 500. त्यासाठी ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ घेतलं, तरी पहिला पेपर राजकीय सिद्धान्त आणि भारतीय राजकारणाचा असतो. आंतरराष्ट्रीय भाग दुसऱ्या पेपरात, आणि थोडा सामान्य अध्ययनात. तेवढ्यासाठी आख्खी पदवी गहाण टाकायची?

शिवाय सगळे पेपर आयआरचे घेतले की तेच ते पुन्हा येतं. शीतयुद्ध भेटतं ते सिद्धान्ताच्या पेपरात, जागतिक संघटनांच्या पेपरात आणि भारताच्या परराष्ट्र धोरणातही. ‘समकालीन जागतिक प्रश्न’ या छापाचा पेपर तर नेमाने वर्तमानपत्र वाचणाऱ्याला घरबसल्या जमतो. माझा निकष साधा आहे. जे एकट्याने वाचून येतं ते घरी वाचा. ज्यात चुका दाखवायला कोणीतरी लागतं, त्याला क्रेडिट द्या.

या निकषावर सगळ्यात वर येते भाषा, आणि नेमकी तीच गाळायला सांगितली जाते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिच्या अनुभवानुसार फ्रेंच किंवा स्पॅनिश कामापुरती यायला साधारण 600 ते 750 तासांचे वर्ग लागतात. मँडरिन, जपानी, कोरियन, अरबीला 2200. (हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा. घरात मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेल्या मुलाला कदाचित थोडी सवलत मिळेल, पण फार नाही.) आपल्याकडे चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ तास. सहाही सेमिस्टर सलग भाषा घेतली तरी 360 तास होतात. म्हणून शेवटच्या वर्षी शोभेपुरती घेतलेली एका सेमिस्टरची जपानी खरंच वाया जाते, तेवढ्यापुरता तो संदेश बरोबर आहे. पण त्यावर उपाय भाषा सोडणं हा नव्हे. पहिल्या सेमिस्टरपासून ती धरायची आणि कॉलेजच्या तासांना बाहेरच्या वर्गांची जोड द्यायची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, मॅक्स म्यूलर भवन, आलियान्स फ्रान्सेझ ही दारं उघडी आहेत.

ॲपवर शब्द पाठ होतात, हे खरं. पण तुमचा निबंध लाल करून परत देणारं, ‘असं कोणी म्हणत नाही’ म्हणून अडवणारं माणूस तिथे नसतं. मशीन समोर ठेवलेला मजकूर चुटकीसरशी भाषांतरित करून देतं. मात्र कुठला मजकूर शोधायचा आणि कुठल्या प्रांताच्या वृत्तपत्रात बघायचं, हे भाषा न येणाऱ्याने त्याला सांगायचं कसं? आपलं परराष्ट्र खातं नव्या अधिकाऱ्याला आजही एक परकीय भाषा वाटून देतं आणि तिची परीक्षा पास व्हायला लावतं. गोखल्यांची मँडरिन, कोल्हापूर जिल्ह्यातून गेलेल्या ज्ञानेश्वर मुळ्यांची जपानी ही अशीच सेवेतली कमाई.

कुठली भाषा? जो प्रदेश अभ्यासायचा त्याची. पश्चिम आफ्रिका असेल तर फ्रेंच, मध्य आशिया असेल तर रशियन. सगळे जर्मनच्या रांगेत उभे राहतात ते नोकरीसाठी, त्याला माझी हरकत नाही. पण शेजारच्या देशांवर प्रबंध लिहायची हौस असलेल्यांतले किती जण बंगाली, नेपाळी किंवा सिंहली शिकतात? बंगाली तर आपल्याच देशात शिकता येते.

आता टाळायला सांगितलेलं अर्थशास्त्र आणि सांख्यिकी. बंगालीवरून बांगलादेश आठवला आणि त्यावरून कांदा, कारण आपल्या कांद्याचं ते मोठं गिऱ्हाईक. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. मे 2024 मध्ये ती उठवली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं ते एप्रिल 2025 मध्ये. लासलगावच्या बाजारात भाव का पडला, ढाक्यात का चढला, ग्राहक दुसऱ्या देशाकडे वळला की परत येतो का, हे सगळं ‘भारत आणि शेजारी’ या पेपराच्याच पोटात येतं. मागणीची लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते) आणि विनिमय दर न शिकलेल्याला त्यातलं काय कळणार? युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतांच्या आयातीबरोबर त्या मालाच्या उत्पादनात झालेल्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मागायला सुरुवात केली. त्यावर भारताची नाराजी काय आहे, हे भाषणं वाचून नाही समजत, आकडे बघावे लागतात. संशोधन-निबंधांचंही तसंच. आज त्यांतले कितीतरी प्रतिगमनाच्या (रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजण्याची पद्धत) तक्त्यांवर उभे असतात, आणि तक्ता वाचता न येणाऱ्याला लेखकाच्या निष्कर्षावर डोळे मिटून विश्वास ठेवावा लागतो.

सीजीपीए थोडा खाली येईल, मान्य. पण मायनर (दुय्यम विषय) म्हणून अर्थशास्त्र आणि ओपन इलेक्टिव्हमध्ये (आपल्या विषयाबाहेरच्या ऐच्छिक पेपरात) सांख्यिकीची तोंडओळख एवढ्याने कोणाचं वर्ष बुडत नाही.

सीनियरना जरूर विचारा, फक्त ‘कुठला पेपर स्कोअरिंग आहे?’ हे विचारू नका. लेखी काम तपासून परत मिळतं का, शेरे असतात का, पेपर यंदाही तेच शिक्षक घेणार आहेत का, हे विचारा. शिक्षक बदलले की त्याच नावाचा पेपर वेगळाच होतो.

राहिलं भारदस्त नाव. जर्मनीतल्या अनेक मास्टर्स अभ्यासक्रमांच्या अटींत अमुक विषयाचे, बरेचदा संशोधनपद्धतीचे, किमान इतके क्रेडिट हवेत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते पूर्ण होतात की नाही हे गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाचा तपशील यांवरून ठरतं. ‘ग्लोबल’, ‘स्ट्रॅटेजिक’ असे शब्द नावात असले तरी आत काय शिकवलं, हे दाखवावंच लागतं. म्हणून प्रत्येक पेपराचा अभ्यासक्रम, घटक आणि क्रेडिटसह, त्या त्या सेमिस्टरलाच उतरवून ठेवा. अभ्यासक्रम बदलला की जुनी पीडीएफ संकेतस्थळावर सापडेलच असं नाही, आणि मग ऐन अर्जाच्या आठवड्यात विभागाच्या कचेरीत खेटे घालावे लागतात.