खरा धोका बाजूच्या ताणाचा
वारंवार केबल लावण्या-काढण्यानेच यूएसबी-सी पोर्ट खराब होतो, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. प्रमाणित यूएसबी-सी जोड सुमारे 10,000 वेळा लावता-काढता येईल असाच बनवलेला असतो. खरा घात होतो तो बाजूने पडणाऱ्या ताणामुळे. डॉकची (लॅपटॉपला एकाच केबलने स्क्रीन, कीबोर्ड वगैरे जोडून देणाऱ्या डबीची) जाड, ताठ केबल टेबलाच्या कडेवरून लोंबत राहिली, की प्लग तरफेसारखा काम करू लागतो आणि सगळा भार पोर्टमधील पातळ जिभेवर व त्यामागच्या सोल्डरवर, म्हणजे धातूच्या डाखावर, येतो. माझ्या कामाच्या लॅपटॉपचा पोर्ट असाच सैल झाला, आणि तो थेट मदरबोर्डवर (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवर) बसवलेला असल्याने दुरुस्ती फार किचकट ठरली.

आता मी डॉक लॅपटॉपच्याच पातळीवर ठेवतो आणि केबल पोर्टपासून वीतभर अंतरावर, मध्ये थोडी सैल सोडून, टेबलाला क्लिपने अडकवतो, म्हणजे धक्का लागला तरी ओढ क्लिपपाशीच थांबते.